दहाच्या नोटेवरचं परतीचं जहाज

१

“हात सोड तिचा, दाम्या. नायतर ही बिलबुकं तुझ्या तोंडावर बसतील.”

“बसव. शाळेतून हाकलला तुला तो असाच. चोरटीची बाजू घ्यायला तूच उरलास काय रे, शाईपुश्या?”

“मला कुणी हाकलला नाय. मी सोडली शाळा. हात सोड.”

दामूने हात सोडला नाय. शहापूरच्या बाजारपेठेत धोंडूशेठचं धान्याचं दुकान. भर बाजाराचा दिवस, चैत्राचं ऊन, आणि पन्नास माणसं वळून आमच्याकडं बघत होती. दामू म्हणजे शेठचा भाचा. गल्ल्यावर बसतो, केसांना तेल भरपूर, तोंडाला लगाम नाय. त्याने मनगट धरलेलं ती गोदी, डोळखांबकडल्या वाडीवरची, जंगलात कोळशाच्या भट्टीवर कामाला. पाठीला झोळीत पोर. आणि मी मंगळ्या. त्याच गल्लीत गणूभाऊंच्या छापखान्यात पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आहे, त्यावर असतो. शेठची बिलबुकं छापून झाली ती पोचवायला आलो, तर हे चाललेलं.

“मी काय केला?” गोदी म्हणाली. “तांदूळ मांगलं, नोट दिली. धाची हाय. भट्टीवरल्या कारकुनाने दिलीय मना.”

“कारकुनाने दिली म्हणे. मामा, बघा इकडं. तुमचंच जहाज.”

धोंडूशेठ गादीवरून उठला. नोट उलटी केली, सुलटी केली, आणि त्याचं तोंड उतरलं.

दहाच्या नोटेच्या मागल्या बाजूला शिडाचं जहाज असतं, ते कुणालाही ठाऊक. पण आठ दिवसांपूर्वी शेठला एक कोरी करकरीत नोट मिळाली होती, तिच्या पुढल्या बाजूलाही जहाज होतं. अक्षरांच्या खालून, धुक्यातून यावं तसं. आणि तोंड उलटीकडं, आरशात बघावं तसं. शेठने ती येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली. मलाही दाखवली. “मागं बघ,” म्हणाला, “जहाज माल घेऊन निघालंय. आता पुढं बघ. लक्ष्मी घेऊन घरी परत आलंय. अशी नोट दुनियेत एकच असणार, मंगळ्या.” मग लक्ष्मीच्या तसबिरीच्या पाठीत ती ठेवली आणि पुठ्ठा चिकटवून टाकला. खर्चायची नाय, मोडायची नाय.

आणि आता तेच जहाज गोदीच्या हातात.

“राघोबा, तसबीर काढा,” शेठ म्हणाला.

राघोबा शेठचा दिवाणजी. वीस वर्षं झाली, त्याच जागी, त्याच डेस्कामागं. म्हातारा स्टुलावर चढला. काळ्या टोपीखालून घाम कानापर्यंत आलेला. त्याने तसबीर खाली दिली. शेठने पाठीचा पुठ्ठा फाडला.

सगळ्यांना वाटलं, आत काय नसणार. पण आत दहाची नोट होती. साधी, मळकी, चार घड्या पडलेली. जहाज फक्त मागं.

मग मीच बोललो.

“हा कसला चोर, शेठ? दहा नेतो आणि दहा ठेवून जातो?”

२

हवालदार शेजारच्या हॉटेलातच होता. तो दिवसातून तीनदा शेठच्या दुकानात चहा पितो, त्यामुळं त्याला बोलवायला लागलं नाय.

त्याने गोदीची नोट बघितली आणि मान हलवली. “जहाज दोन्हीकडं? सरकार असल्या नोटा छापतं काय? ही बनावट. परवाच इथं बसून सांगितलं होतं ना शेठ तुमाला, बनावट नोट नुसती जवळ ठेवली तरी सात वर्षं.”

“बनावट नसेल हो,” शेठ म्हणाला. “माझी होती ती.”

“मग हिने चोरली. नायतर हिच्या मागं टोळी हाय. दोन्हीकडून आत जायची.” त्याने राघोबाच्या डेस्कावरचा कागद ओढला, दोन ओळी खरडल्या आणि पोऱ्याकडं दिल्या. “दीडच्या मुरबाड गाडीच्या कंडक्टरकडं दे. म्हणावं, मुरबाड चौकीवर पोचव. उलट्या जहाजाची नोट ज्याच्याकडं दिसंल त्याला धरा. आणि ही बाई चारच्या गाडीने ठाण्याला.”

गोदी रडली नाय. पायरीवर बसली, झोळी पुढं घेतली. “पोराला पाजू का आदी?” एवढंच म्हणाली. त्या दहा रुपयांत तिचे आणि तिच्या नवऱ्याचे पंधरा दिवस होते, भट्टीच्या धगीपुढचे. नवरा सावळ्या अजून जंगलातच होता. ठाण्याला नेली तर त्याला कळायलाच चार दिवस लागले असते.

माझं डोकं तापलं. तापलं की मला बोलायला सुचत नाय, हात सुचतात. पण हात उचलला असता तर मीही चारच्या गाडीत बसलो असतो. म्हणून मी दात आवळून म्हणालो, “हवालदारसाहेब, मला बघू द्या. कागद मला कळतो.”

“तुला?”

“दिवसाला हजार कागद या हातातून जातात.”

हवालदार हसला. चहा आला होता. “बघ. चार वाजेस्तोवर ही कुठं जात नाय. आणि तूही पळू नको.”

मी आधी तसबीर घेतली. पुठ्ठ्याच्या कडेने पिवळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती, शेठने फाडली तिथपर्यंत.

“शेठ, तुमी पट्टी कसली लावलेली?”

“पांढरी. छापील पंचांगाच्या कडेची.”

“ही पिवळी आहे. आमच्या बिलबुकाच्या वेष्टनाचा कागद.” पट्टी सरळ कापलेली, रूळ ठेवून कापावी तशी. खळ बेताची, कुठं ओघळ नाय. चोर असा चिकटवत बसत नाय. चोराला घाई असते.

मग आतली मळकी नोट उचलली. नाकाजवळ नेली. नाकात झिणझिण्या आल्या आणि मी शिंकलो.

“सर्दी झाली काय रे तपास करणाऱ्याला?” दामू म्हणाला.

लोक हसले. मी नाय हसलो. त्या वासाने मला अर्धी गोष्ट सांगितली होती.

३

मी पहिल्यांदा दामूला धरला. म्हणजे शब्दाने.

“तू त्या दिवशी म्हणत होतास, मुंबईला एक पारशी हाय, चुकीच्या नोटेला पन्नास देतो. खरं का?”

“खरं. मग? मी मामाला म्हटलं, विकू. मामा म्हणाला, लक्ष्मी विकतात काय.”

“म्हणून तू काढलीस.”

“काढली असती,” दामू शांतपणे म्हणाला. “पण जागेवर ठेवायला दहाची नोट आणली असती कुठून? माझ्या खिशात महिन्यात कधी दहा बघितलेस? आणि काढलीच असती तर आज ही नोट बघून गप नसतो बसलो? मीच कशाला बोंब ठोकली असती?”

दामू मला आवडत नाय. पण ते पटलं.

दुसरा राघोबा. डेस्कामागं बसलेला. तपकिरीची डबी उघडत होता, मिटत होता, चिमूट काय घेत नव्हता.

“राघोबा, ती उलट्या जहाजाची नोट शेठकडं आली कुठून?”

“मीच आणलेली,” तो म्हणाला. “भट्टीवर ठेकेदाराचा कारकून येतो पगार वाटायला. आपल्या तांदळाचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे होते. बँकेतून आणलेलं कोरं बंडल त्याने माझ्यासमोर फोडलं. वरची नोट मला दिली.”

“तुमाला तेव्हा दिसलं नाय जहाज?”

“माझे डोळे... शेठनी दाखवलं तेव्हा दिसलं.” त्याने उपरण्याने गाल पुसला, मान पुसली, टोपीच्या कडेकडेने कपाळ पुसलं. “बाईला नेणार काय रे खरंच?”

“नेणार म्हणतात.”

डबी खट्‌ करून मिटली.

मग पायरीवर गोदीजवळ गेलो. पोर पिऊन झोपलं होतं.

“गोदीबाय, खरं सांग. शेठची तसबीर कुठं टांगलीय?”

“मना काय म्हाईत. मी पायरीवरून तांदूळ घेतय. आत कोन येऊ देतंय आमाला?”

“कारकुनाने नोट दिली तेव्हा तुझ्यापुढं कोण होतं?”

“ठकू. तिच्याफुडं ह्यो टोपीवाला दिवानजी. तो टेबलाकडं, आमी रांगेत. कारकून वरून एकेक उचलत व्हता आन्‌ देत व्हता.”

दिवाणजी, मग ठकू, मग गोदी. ते मी डोक्यात ठेवलं आणि गोदीची नोट हवालदाराकडून मागून घेतली. उन्हात धरली. आधी काय दिसावं? कागदाच्या पोटातले सिंह. ना छापलेले, ना काढलेले, कागद बनतानाच आत जाऊन बसलेले. मी रोज कागद हाताळतो पण असला कागद कधी हाताला लागला नव्हता. हे कुणी बोगस टोळीवाल्याने झोपडीत बसून केलं असेल, असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कागद बघितलेलाच नाय.

मग जहाज बघितलं. पुढल्या बाजूचं, उलटं. फिकं होतं. इतकं फिकं की दामूने ऊन पडलं म्हणूनच ओळखलं. शेठच्या नोटेवर मला शिडाच्या दोऱ्या मोजता आल्या होत्या. इथं नुसता आकार.

“हाताळून हाताळून पुसट झालं,” शेठ म्हणाला.

“आठ दिवसांत? आणि नुसतं जहाज पुसलं, बाकी अक्षरं कोरी? घडी एकच पडलीय हिला.”

हे बोललो आणि माझा डावा गाल एकदम गरम झाला. तीन दिवसांपूर्वी गणूभाऊंनी तिथंच थोबाडीत मारली होती. कशाबद्दल मारली ते आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

“हवालदारसाहेब,” मी म्हणालो, “छापखान्यात चला. सगळे चला. शेठ, राघोबा, तुमी पण. ही नोट कशी जन्माला आली ते मी दाखवतो.”

४

छापखाना म्हणजे एक खोली. गणूभाऊ जेवायला गेलेले. मशीनवर शेठच्या बिलाचा साचा अजून तसाच कसलेला होता: धोंडूशेठ, धान्याचे व्यापारी, शहापूर. गोदी दारात उभी राहिली. हवालदाराने तिला आत ये म्हटलं तेव्हा आली.

“हे मशीन बघा,” मी म्हणालो. “पाय दाबला की रोलर साच्याला शाई लावतो. मग हे जबडं मिटतं. साच्यासमोर कागद, कागदाच्या मागं ही गादी. कागद छापला. काढला. दुसरा घातला.” एक बिल छापून हवालदाराच्या हातात दिलं. “पाठ बघा.”

“कोरी.”

“कोरीच असणार. आता बघा. आता मी चुकतो.”

मी पाय दाबला आणि कागद घातलाच नाय. जबडं मिटलं, उघडलं. साच्याने मुकाट गादीवरच छापलं. मशीनला काय, समोर येईल त्याला रंगवायचं. समोर कागद आहे की नाय, ते बघायचं काम माझं.

“आता पुढचा कागद बरोबर घालतो.”

जबडं मिटलं, उघडलं. पुढून बिल छान छापलेलं. मी ते पालटलं.

हवालदाराच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. बिलाच्या पाठीवर शेठचं नाव होतं. उलटं. आरशातलं. काळंभोर.

“गादीवरची ओली शाई कागदाच्या पाठीला लागली,” मी म्हणालो. “आता दुसरा कागद.”

दुसऱ्याच्या पाठीवरही नाव. तसंच, त्याच जागी, पण करडं. तिसऱ्यावर धुकं. जवळ नेऊन बघावं तेव्हा अक्षरं. चौथा कोरा.

मी तीन कागद ओळीने साचे बांधायच्या सपाट दगडावर मांडले. गोदी पुढं आली, बोटाने पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत गेली आणि म्हणाली, “सावली लांब जातेय.”

“तीन दिवसांपूर्वी मी मशीन मारता मारता बाहेर गाडीकडं बघत होतो,” मी सांगितलं. “एक कागद घालायचा राहिला. तीन लग्नपत्रिकांच्या पाठीवर उलटा गणपती उठला. थोबाडीत बसली मला. मला वाटलं होतं, दुनियेत माझ्यासारखा बेअक्कल मीच.” “नोटांचं मशीन केवढं असेल. या गल्लीएवढं असेल. माणसं टक लावून बसत असतील. पण कधीतरी एका माणसाच्या डोळ्यात घाम गेला असेल, नायतर माशी बसली असेल. एक ताव चुकला. मशीनने मागलं जहाज गादीवर छापलं. आणि पुढल्या तावांच्या तोंडावर ते उलटं उठलं. पहिल्यावर ठळक. दुसऱ्यावर कमी. तिसऱ्यावर धुकं.”

“म्हणजे?” शेठ हळू म्हणाला.

“म्हणजे शेठ, अशी नोट दुनियेत एक नसते. ती भावंडांत जन्मते. तुमची थोरली. गोदीची धाकटी. ही तुमची नोट नायच.”

हवालदार आता नुसता चहा पिणारा राहिला नव्हता. त्याने डोळे बारीक केले. “हे नुसतं बोलणं झालं. शेठची नोट कुठं हाय? ती समोर नसताना मी कसं मानू दोन होत्या?”

“सांगतो. पावतीबुकांना नंबर मीच मारतो. ताव एकावर एक ठेवायचे, प्रत्येकावर त्याच कोपऱ्यात नंबर, वरून खाली एकेकाने वाढत. मग गठ्ठा कापायचा. त्या कोपऱ्याच्या पावत्या बुकात लागोपाठ येतात. नोटांचंही तसंच असणार, नायतर बंडलात नंबर ओळीने कसे येतील?” मी गोदीच्या नोटेचा नंबर वाचला. “शेवटचे आकडे सहाशे त्रेचाळीस. शेठचं जहाज पहिल्या कागदासारखं ठळक, हिचं तिसऱ्यासारखं. दोघांत दोनाचं अंतर. शेठच्या नोटेवर अक्षरं हीच असणार आणि शेवटी सहाशे एक्केचाळीस. उलट्या बाजूने मोजले असतील तर पंचेचाळीस. तिसरा आकडा निघाला तर मला घाला चारच्या गाडीत.”

“निघाला तर,” दामू म्हणाला. “पण नोट हाय कुठं?”

“याच खोलीत,” मी म्हणालो.

५

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

“चोर कसा आहे ते तसबिरीने सांगितलंय,” मी म्हणालो. “गोदी नाय. तिला तसबीर कुठं टांगलीय ते ठाऊक नाय, आणि एका दहासाठी दुसरे दहा ती ठेवणार कुठून. दामू नाय. त्याच्याकडं दहा कधी टिकत नाय, आणि त्याने पट्टी चिकटवली असती तर वाकडी चिकटवली असती.”

“ए,” दामू म्हणाला.

“ज्याने काढली त्याला शेठचं नुकसान करायचं नव्हतं. म्हणून आपले दहा ठेवले. त्याला रूळ ठेवून कापायची सवय. आमच्या बिलबुकाचं पिवळं वेष्टन त्याच्या हाताशी. त्याची नोट घडी घालून कुठल्यातरी डबीजवळ राहिलेली, म्हणून तिला तपकिरीचा वास. आणि...” मला पुढं बोलवेना. म्हाताऱ्याने मला लहानपणी गूळ दिलेला आहे. “राघोबा, उन्हाळ्यात तुमी दर घटकेला टोपी काढून वारा घेता. आज घाम कानावरून गळतोय. मी आलो तेव्हापासून टोपी काढली नाय तुमी.”

राघोबाने दोन्ही हातांनी टोपी काढली. आतलं अस्तर उसवलं. नोट बाहेर आली.

दोन्ही नोटा दगडावर शेजारी ठेवल्या. मी हात लावला नाय. हवालदाराने वाकून मोठ्याने वाचलं. अक्षरं तीच. शेवटी सहाशे एक्केचाळीस.

मी सांगितलेलं खरं निघालं, तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला भीतीच वाटली, देवळात वाटते तशी. कुठं तो छापखाना, कुठं ते बंडल, कुठं जंगलातली भट्टी, कुठं म्हाताऱ्याची टोपी. आणि एका निमिषात चुकलेली दोन भावंडं शहापुरात एका दगडावर येऊन पडली. एकावर जहाजाच्या दोऱ्यासुद्धा दिसत होत्या. दुसऱ्यावर ते पार क्षितिजाला गेलेलं. शेठने हात जोडले.

“का हो राघोबा?” तो म्हणाला.

“परवा साहेब म्हणाले, सात वर्षं,” राघोबा खाली बघून म्हणाला. “तुमी ती सगळ्या गावाला दाखवलेली. तुमाला धरलं असतं. आणलेली मी. सांगितलं असतं तर तुमी हसला असता, ठेवलीच असती. म्हणून बदलली. जाळायला मागल्या दारी गेलो, काडी ओढली. आतले सिंह दिसले. लक्ष्मी ती. हात हलंना.”

“नोट जाळवंना तुला,” गोदी म्हणाली. आवाज चढवला नाय तिने. “मना जाळत व्हतास. गप बसून.”

म्हाताऱ्याने तिच्याकडं बघितलं आणि तिथंच खाली बसला. हवालदार पेल्यातल्या गार चहाकडं बघत राहिला.

६

“जा बाई,” हवालदार शेवटी म्हणाला. “तुझी नोट तुझीच. खरी हाय.”

“चालंल ना बाजारात?”

“मी घेतो,” शेठ घाईने म्हणाला. “मला दोन्ही जहाजं हवीत. हे घे दहा.”

गोदीने आपली नोट मुठीत धरली. “तुझी लक्षुमी हाय ती, म्हनतोस ना? मंग धाला कशी देऊ? तांदूळ पन दे. पायलीभर.”

“अर्धी पायली.”

“मंग मी ठानेला जातय चारच्या गाडीने. तिथनं फुडं मुंबईला कोन पारशी हाय ना, पन्नास देतो तो?”

दामू पहिल्यांदा खरा हसला. गोदीला पायली मिळाली, वर मीठ. राघोबाने स्वतः मापलं. माप शिगोशीग भरलं आणि हाताने सपाट केलं नाय.

मी दगडावरचे आमचे तीन कागद उचलायला गेलो आणि थांबलो. काळा, करडा, धुकं. पहिला शेठचा. तिसरा गोदीचा.

“गोदीबाय,” मी म्हणालो, “दिवाणजीच्या मागं ठकू होती म्हणालीस. तिला पण एकच नोट मिळाली?”

“एकच. धाची.”

“ती कुठं हाय आता?”

“माहेरला गेली, वैशाखऱ्याला. भावाचं लगीन हाय. सकाळच्या गाडीने गेली. वाटंत मुरबाडला उतरून लुगडं घेनार व्हती.”

सहाशे बेचाळीस. मधला कागद. गोदीच्या नोटेपेक्षा ठळक, कुणालाही दिसेल असं जहाज. आणि हवालदाराची चिठ्ठी दीडच्या गाडीने कधीच पुढं गेलेली: उलट्या जहाजाची नोट दिसंल त्याला धरा.

मी हवालदाराकडं बघितलं. त्यालाही तेच कळलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. त्याने दुसरी चिठ्ठी लिहिली, सही केली. पण मुरबाडचा जमादार नुसत्या चिठ्ठीने ऐकायचा नाय, असं तोच म्हणाला. कुणीतरी जाऊन दाखवायला पाहिजे.

म्हणून तीन कागद घडी न घालता पुठ्ठ्यात धरलेत. एक जास्तीची कोरी पत्रिका आणि शाईचा डबा घेतलाय, तिथं मशीन मिळालं तर करूनच दाखवीन. गणूभाऊ जेवून आले तेव्हा मी म्हणालो, मी चाललो. ते ओरडायला लागले, मग तीन कागद बघितले आणि गप झाले. माझ्या गालाकडं बघून म्हणाले, “गाडीभाडं आहे काय रे?” आणि दिलं.

साडेचारच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं, म्हणून हे एवढं लिहून झालं, स्टँडवर, खराब झालेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या जागेत. उलटा गणपती मधेमधे येतोय. ठकूने लुगडं घेतलं असेल की नाय, नोट दुकानदाराच्या हातात गेली असेल की अजून तिच्या पदराच्या गाठीत असेल, मला ठाऊक नाय. एवढंच ठाऊक आहे की ती खरी आहे, आणि ते सांगू शकणारा इथून मुरबाडपर्यंत मी एकटा आहे. चाक बसवलं. कंडक्टर घंटी मारतोय. मला आता जायलाच हवं.